कारखान्यातल्या चिपांची २०३८ची तारीख: दुरुस्ती करणाऱ्या कंपनीत पैसे घालण्याआधीच्या पायऱ्या

१९ जानेवारी २०३८ रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद झाले की ३२ बिटांचं घड्याळ भरतं. हे घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजत आलेलं आहे आणि २,१४,७४,८३,६४७ ही त्यात मावणारी शेवटची संख्या. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होतो आणि यंत्राला वाटतं, आज १३ डिसेंबर १९०१. बॉयलर, कन्व्हेयर, वीज उपकेंद्रं, औषधांच्या बॅच, पाणीपुरवठा यांच्यामागे बसलेल्या असंख्य नियंत्रकांत, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकांत, हे घड्याळ आजही चालू आहे. ते शोधणाऱ्या, तपासणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कंपन्यांना काम मिळणार हे उघड आहे.

गुंतवणूकदाराला मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी लागते. या धंद्यातलं काम कधी संपणार तेही ठरलेलं आहे. त्यामुळे कंपनी हुशार आहे, ऑर्डर भरपूर आहेत, एवढ्यावर शेअर घेता येत नाही. मुदतीच्या कमाईला कायमच्या कमाईचा भाव दिला गेला आहे का, हे तपासणं म्हणजेच इथला बहुतेक अभ्यास. पण तिथे पोचण्याआधी बिघाड समजला पाहिजे, कारण कंपनीचे दावे खरे की फुगवलेले हे त्यावरूनच कळतं.

पायरी १: तारीख नेमकी कुठे चुकते ते पाहा

बातम्यांत ‘चिप बिघडणार’ असं लिहितात. प्रत्यक्षात बॅटरीवर चालणारी घड्याळाची चिप, म्हणजे आरटीसी, २०३८मध्ये सहसा दोषी नसते. डीएस१३०७सारखी चिप वर्षाचे फक्त शेवटचे दोन अंक साठवते आणि तिचं लीप वर्षाचं गणित २१०० पर्यंत बरोबर चालतं. चूक होते ती पुढच्या टप्प्यात, जिथे फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरून ठेवलेला प्रोग्रॅम, चिपमधली तारीख वाचून तिचे सेकंद करतं आणि ते ३२ बिटांत कोंबतं. म्हणून ‘आम्ही चिपा बदलून देतो’ एवढंच सांगणाऱ्या कंपनीकडे जरा संशयानेच बघा. चिप बदलली आणि फर्मवेअर तेच राहिलं, तर बिघाडही तसाच राहतो.

त्यावरचा थर ऑपरेटिंग सिस्टिमचा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ३२ बिटी यंत्रांसाठी ६४ बिटी वेळेची सोय ५.६ या आवृत्तीत, २०२०मध्ये पूर्ण झाली. ग्लिबसी या मूळ लायब्ररीत ती २.३४ आवृत्तीत, २०२१मध्ये आली. तेवढ्याने भागत नाही. वरचा प्रत्येक प्रोग्रॅम आणि प्रत्येक लायब्ररी नव्याने कंपाइल करावी, म्हणजे मूळ कोडपासून पुन्हा तयार करावी लागते. जुन्या-नव्याची सरमिसळ झाली तर वेळेची रचना दोन्हीकडे वेगळी समजली जाते आणि २०३८ची वाट न बघता आजच चुकीचे आकडे येऊ लागतात. फाइल सिस्टिममध्येही, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीतही, तेच: लिनक्सच्या एक्स्ट४ या पद्धतीत आयनोड (फाइलच्या तारखा ठेवणारी नोंद) १२८ बाइटांचा असेल तर मर्यादा २०३८ची, २५६ बाइटांचा असेल तर २४४६ची. कर्नल नवा घातला तरी डिस्क जुन्याच पद्धतीने फॉरमॅट केलेली असू शकते.

तिसरी जागा बाहेरून येणाऱ्या वेळेची. नेटवर्कवरून वेळ पुरवणाऱ्या एनटीपीचा आकडा ७ फेब्रुवारी २०३६ रोजीच पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे २०३८च्या जवळजवळ दोन वर्षं आधी. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांचा असतो, त्यामुळे दर १,०२४ आठवड्यांनी, साधारण १९.६ वर्षांनी, तो फिरून शून्य होतो. असं ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९मध्ये झालं आणि पुढचं नोव्हेंबर २०३८मध्ये आहे. शिवाय बरेच रिसीव्हर स्वतःच्या फर्मवेअरच्या तारखेपासून १,०२४ आठवडे मोजतात, त्यामुळे प्रत्येक मॉडेलचा बिघडण्याचा दिवस निराळा असतो. त्याची यादी ज्या कंपनीकडे तयार आहे, तिने अभ्यास केलेला आहे असं समजायला हरकत नाही.

तारीख चुकल्याने यंत्रं खरोखर थांबतात का? ३१ डिसेंबर १९९६ च्या मध्यरात्री न्यूझीलंडच्या टिवाई पॉइंट इथल्या अॅल्युमिनियम कारखान्यात प्रक्रिया नियंत्रित करणारे संगणक एकदम बंद पडले. लीप वर्षाचा ३६६वा दिवस सॉफ्टवेअरने धरलेलाच नव्हता. तापमान सांभाळणारं कोणी उरलं नाही आणि धातू वितळवण्याच्या काही भट्ट्या कायमच्या निकामी झाल्या. दोन तासांनी, तिथे मध्यरात्र झाल्यावर, टास्मानियातल्या बेल बे कारखान्यात तोच प्रकार घडला. सॉफ्टवेअर एकच असेल तर बिघाड एका कारखान्यापुरता राहत नाही, घड्याळाबरोबर पुढे सरकतो.

पायरी २: बाजारपेठ किती मोठी, हे चाळणी लावून ठरवा

‘जगात इतक्या अब्ज चिपा आहेत’ अशी सुरुवात करणारं सादरीकरण तिथेच बाजूला ठेवलं तरी चालेल. बहुतेक नियंत्रकांना आजची तारीख माहीतच नसते. ते फक्त ‘किती मिलिसेकंद झाले’ एवढं मोजतात. म्हणून तीन प्रश्नांची चाळणी लावायची. उपकरणाला कॅलेंडरची तारीख कळते का? ते तारखांची वजाबाकी किंवा तुलना करतं का? त्या उत्तरावरून ते काही कृती करतं का? तिन्हींना ‘हो’ येतं तिथेच जोखमीचं काम असतं: देखभालीचं वेळापत्रक, बॅचची मुदत, लायसन्स, सुरक्षा प्रमाणपत्रं, नोंदींची साठवण.

याच्या उलट बाजूचीही चूक होते. पडद्यावर तारीख दिसत नाही म्हणून यंत्र सुरक्षित ठरत नाही, आतलं घड्याळ चालू असू शकतं. पण ज्याला बॅटरी नाही आणि नेटवर्कवरून वेळ मिळत नाही, ते यंत्र प्रत्येक वेळी सुरू होताना १९७० पासूनच मोजू लागतं आणि २०३८ पर्यंत पोचतच नाही. त्याच्या दुरुस्तीवर कोणी खर्च करणार नाही.

आणि ग्राहक नेहमी स्वस्त वाट शोधतो. जानेवारी २०१०मध्ये जर्मनीत सुमारे तीन कोटी बँक कार्डांच्या चिपला २०१० हे वर्ष नीट हाताळता येईना. एवढी कार्डं बदलण्याऐवजी पैसे काढण्याच्या यंत्रांची मांडणी बदलून काम भागवलं गेलं. कारखान्यांतही घड्याळ २८ वर्षं मागे लावण्याची युक्ती चालते. वार आणि लीप वर्षं २८ वर्षांनी जुळतात, त्यामुळे २०३८ साली यंत्राला २०१० सांगितलं तरी त्याचं कॅलेंडर बरोबर राहतं. नोंदींवरची वर्षं चुकतात, पण ज्याला नोंदी लागतच नाहीत तो मालक नवा नियंत्रक का घेईल? ही पळवाट बाजारपेठेचा बराचसा हिस्सा खाते आणि कंपन्यांच्या अंदाजात ती क्वचितच धरलेली असते. जिथे ती चालत नाही ती क्षेत्रं वेगळी काढा: औषधं, वीज, रेल्वे सिग्नल, वैद्यकीय उपकरणं, आयईसी ६१५०८ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाखाली प्रमाणित झालेल्या सुरक्षा यंत्रणा. इथे प्रत्येक बदलाची पुन्हा पडताळणी करून कागद द्यावे लागतात. तो कागद देण्याची पात्रता असलेल्या कंपन्या थोड्याच असतात.

पायरी ३: कंपनी कोणत्या प्रकारची ते ओळखा

नियंत्रक बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना तारखेच्या निमित्ताने जुनी यंत्रं बदलून देण्याची संधी मिळते, पण एकूण उलाढालीत तो भाग दिसेनासा होतो. घटक पुरवणाऱ्यांचंही तेच. डीएस१३०७ बनवणारी डॅलस सेमीकंडक्टर २००१मध्ये मॅक्सिमकडे गेली आणि मॅक्सिम २०२१मध्ये अॅनालॉग डिव्हायसेसकडे. कारखान्यांत वापरली जाणारी व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम विंड रिव्हरची आणि विंड रिव्हर २०२२पासून अॅप्टिव्हच्या मालकीची. वेळ पुरवणारी उपकरणं बनवणारी सिमेट्रिकॉम आज मायक्रोचिपच्या पोटात आहे. यांतला कुठलाही शेअर २०३८साठी घेणं म्हणजे बहुतांश पैसा दुसऱ्याच धंद्यात घालणं. त्या धंद्यासाठी तो घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण कारण तेच लिहून ठेवा.

तारखेच्या कामाचा परिणाम ताळेबंदात खरोखर दिसतो तो दोन ठिकाणी: कारखान्यात माणसं पाठवून शोध-चाचणी-दुरुस्ती करणाऱ्या मध्यम आणि छोट्या सेवा कंपन्यांत, आणि नेटवर्कवरची उपकरणं हुडकून त्यांची यादी करणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांत. दुसऱ्या प्रकारात निदान यादीचा उपयोग २०३८नंतरही राहतो, कारण सायबर सुरक्षेला तीच यादी लागते. नव्या माणसाने अभ्यास इथून सुरू करावा असं आमचं मत आहे.

पायरी ४: तंत्रज्ञांना विचारायचे प्रश्न

गुंतवणूकदारांच्या बैठकीत किंवा पत्राने हे विचारता येतं. उत्तर देता येत नसेल तर तेही उत्तरच.

कोणत्या तारखांवर चाचणी करता? फक्त १९ जानेवारी २०३८ असं उत्तर आलं तर काम वरवरचं आहे. ७ फेब्रुवारी २०३६, २९ फेब्रुवारी २०२८, जीपीएससाठी नोव्हेंबर २०३८ आणि २०३८च्या पुढची एखादी मुदत आजच टाकून पाहणं, एवढं तरी हवं. शेवटची चाचणी सर्वांत तातडीची, कारण वीस वर्षांची मुदत असलेली प्रमाणपत्रं ती सीमा आत्ताच ओलांडतात.

सीमा ओलांडताना यंत्र चालू असतं की बंद? दोन्ही करून पाहावं लागतं. चालू असताना आकडा वेगळ्या वाटेने पुढे जातो. बंद करून सीमेनंतर चालू केलं की आरटीसीमधून नव्याने वाचला जातो. एक चाचणी उत्तीर्ण आणि दुसरी नापास, असं नेहमी दिसतं.

चाचणी कुठे करता? चालू कारखान्यात घड्याळ पुढे नेलं तर लायसन्स संपतं, जुन्या नोंदी मुदत संपली म्हणून आपोआप पुसल्या जातात, पासवर्ड बाद होतात, आणि घड्याळ मागे आणून यांतलं काही परत येत नाही. चाचणीच संकट ठरू शकते. जून १९९९मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागात वायटूकेच्या, म्हणजे दोन अंकी वर्षामुळे २००० साली तारखा चुकण्याच्या धोक्याच्या, तयारीची चाचणी चालू असताना एक झडप बंद झाली आणि लाखो गॅलन सांडपाणी उद्यानात शिरलं. वेगळं चाचणी टेबल, तेच मॉडेल, तीच फर्मवेअर आवृत्ती आणि आधी घेतलेला पूर्ण बॅकअप ही किमान तयारी कंपनीकडे असायला हवी.

दुरुस्ती कोणत्या पद्धतीने करता? ६४ बिटी वेळ हा पक्का उपाय. ऋण चिन्ह काढून तोच ३२ बिटी आकडा वापरला तर २१०६पर्यंत निभावतं. ‘अमुक वर्षाच्या आतलं पुढच्या शतकातलं समजा’ असा पट्टा ठरवणं हे ठिगळ. वायटूकेच्या वेळी २० हे वर्ष सीमा धरून लावलेली अशी काही ठिगळं जानेवारी २०२०मध्ये उसवली. ठिगळ लावणं गैर नाही. ते लावून ‘कायमची दुरुस्ती’ म्हणून हमी देणं गैर आहे, आणि त्या हमीचं ओझं पुढे भागधारकांवर येतं.

मूळ सोर्स कोड नसेल तर काय करता? वीस वर्षं जुन्या फर्मवेअरचा कोड, कंपायलर आणि तो लिहिणारा माणूस, तिन्ही हरवलेले असणं सर्रास आहे. ‘आमचं साधन कोणत्याही फर्मवेअरची तारीख कोडशिवाय आपोआप दुरुस्त करतं’ हे वाक्य ऐकलं की तिथे थांबा.

पायरी ५: कंत्राट वाचा, विशेषतः ठरीव रकमेचं

या धंद्यात नफा कुठे गळतो ते एका हिशोबात दिसतं. समजा एका कारखान्यात ८०० उपकरणं आहेत. प्रत्येकाची नोंद आणि चाळणी करायला दीड तास, म्हणजे १,२०० मनुष्यतास. चाळणीत १२० उरतात. प्रत्येकाच्या चाचणीला ६ तास, म्हणजे ७२०. त्यातली ३० दुरुस्त करायची, प्रत्येकी १२ तास, म्हणजे ३६०. एकूण २,२८० तास, आणि प्रत्यक्ष दुरुस्ती त्याच्या १६ टक्के. मिळणारे पैसे मुख्यतः शोधण्याचे आणि तपासण्याचे असतात.

आता कारखान्याची यादी चुकीची निघाली आणि उपकरणं ८०० नव्हे, १,१०० आहेत असं कळलं. जुन्या कारखान्यात हे हमखास होतं, कारण मधल्या वर्षांत बसवलेल्या पॅनेलची नोंद कुणीच केलेली नसते. फक्त नोंदीचं काम वाढलं तरी ४५० तास जास्त. कंत्राट १०० रुपयांचं, खर्च ७५ धरलेला, तर तो जवळजवळ ९० होतो. २५ टक्के नफा १० वर येतो. चाचणी आणि दुरुस्तीही त्याच प्रमाणात वाढली तर खर्च १०३, म्हणजे तोटा. म्हणून वार्षिक अहवालात पाहा: किती काम ठरीव रकमेचं आणि किती तासांच्या दराने? आधी वेगळ्या पैशांत पाहणी करून मग पुढचा भाव देणारी कंपनी यातून वाचते.

भरपाईची कमाल मर्यादा हे दुसरं कलम. ती कंत्राटाच्या रकमेइतकी बांधलेली असेल तर ठीक. उत्पादन थांबल्याचं नुकसानही भरून देण्याची हमी असेल, तर छोट्या कंपनीने आपलं सगळं भांडवल एका क्षणावर लावलेलं आहे.

बाकी नेहमीच्या तपासण्या थोडक्यात: पहिल्या दोन-तीन ग्राहकांवर निम्म्याहून जास्त उलाढाल आहे का, येणी वसुलीचे दिवस वाढत आहेत का, बिल न लावलेलं उत्पन्न आधीच नफ्यात धरलं आहे का.

पायरी ६: भाव काढताना कमाईचे दोन भाग करा

समजा कंपनीचा वार्षिक नफा २० कोटी आहे. बाजार त्याला २५ पटीचा भाव देतो, म्हणजे कंपनीची किंमत ५०० कोटी. अहवालातून कळतं की यातले १० कोटी देखभाल-कंत्राटांचे आहेत आणि १० कोटी तारखेच्या कामाचे, जे आणखी सहा वर्षं चालेल. देखभालीच्या भागाला १५ पट दिली तर १५० कोटी. तारखेच्या भागाला पट लावायचीच नाही. सहा वर्षांचे सहा हप्ते आजच्या किमतीत आणायचे. १२ टक्के दराने सहा वर्षांचा गुणक ४.११ येतो, म्हणजे ४१ कोटी. बेरीज १९१ कोटी. काम संपल्यावर माणसं कमी करण्याचा किंवा त्यांना दुसरं शिकवण्याचा खर्च वजा करायचा राहिलाच आहे. ५०० आणि १९१ मधला फरक म्हणजे, कधीतरी संपणारं काम कधीच संपणार नाही असं मानण्याची किंमत.

या हिशोबात चांगली बातमीही सापडू शकते. तारखेसाठी आत शिरलेली कंपनी त्याच ग्राहकाकडे देखभालीचं कंत्राट मिळवत असेल, तर दरवर्षी तारखेच्या खणातून थोडा नफा देखभालीच्या खणात सरकतो. किती ग्राहक असे टिकले, हा आकडा मागून घ्या. आमच्या मते अख्ख्या अभ्यासात याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

पायरी ७: वेळ साधा, आणि बाहेर पडायच्या खुणा आधीच लिहा

वायटूकेचा अनुभव इथे फार उपयोगी पडतो. वायटूकेच्या कामाशी जोडलेल्या झिटेल या अमेरिकी कंपनीचा शेअर १९९६च्या अखेरीस गगनाला भिडला आणि २००० उजाडण्याच्या कितीतरी आधी त्याची बहुतेक किंमत गेली. कीनसारखी मोठी, नफ्यातली सेवा कंपनीही १९९८मध्ये शिखर गाठून १९९९मध्ये उतरली. काम संपलं नव्हतं, पण नव्या ऑर्डर आटल्या होत्या. १९९९च्या उत्तरार्धात ग्राहकांनी यंत्रणांना हात लावणंच थांबवलं. बाजार हातातल्या कामाकडे बघत नाही, पुढच्या ऑर्डरकडे बघतो.

कारखान्यांत हे चक्र आणखी ठळक असतं. नियंत्रक बदलायचा तो मोठ्या शटडाऊनमध्ये, म्हणजे देखभालीसाठी प्रकल्प बंद ठेवतात तेव्हा, आणि सतत चालणाऱ्या प्रकल्पात तो चार-पाच वर्षांतून एकदा येतो. म्हणजे २०३८च्या आधी अशा ठिकाणी दोनच, फार तर तीन संधी उरल्या आहेत. ऑर्डर सरळ रेषेत वाढणार नाहीत, शटडाऊनच्या लाटांनी येतील, आणि शेवटची मोठी लाट २०३६च्या आसपास ओसरू लागेल असं धरून चाला. एका तिमाहीतल्या वाढीवर पुढच्या दहा वर्षांचा आलेख काढू नका.

विकत घेण्याच्या दिवशीच चार खुणा कागदावर लिहा. हातातल्या ऑर्डरी सलग दोन तिमाही घटल्या. ठरीव रकमेच्या कामाचा वाटा वाढला. देखभालीकडे वळणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण वाढेनासं झालं. कंपनीने शेअर चढलेला असताना त्याच शेअरच्या बदल्यात दुसऱ्या छोट्या कंपन्या विकत घ्यायला सुरुवात केली. यांतल्या दोन दिसल्या तर निम्मे शेअर विका, तीन दिसल्या तर सगळे.

रक्कम किती ठेवायची? छोट्या सेवा कंपन्यांत एका चुकलेल्या कंत्राटाने वर्षाचा नफा जातो, म्हणून एकाच नावावर भार टाकू नका. तीन-चार कंपन्यांत मिळून एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांच्या आत राहा. पहिली खरेदी ठरवलेल्या रकमेच्या एक तृतीयांशच करा आणि उरलेली पुढच्या दोन वार्षिक अहवालांनंतर. तेवढ्या अवधीत एखादा मोठा शटडाऊन होऊन गेलेला असेल आणि कंपनीने दिलेला अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेले तास शेजारी ठेवून पाहता येतील.